परिचारिकांच्या रमाबाई

या वर्षी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला सांगितले, की तुम्ही इतकी वर्षे नर्सिंगमध्ये काढलीत, तेव्हा तुमच्या व्यवसायाशी संबंधित एखाद्या थोर व्यक्तीचा परिचय करून द्या. सगळ्यांना वाटले, मी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यावर लिहिणार. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे आणि त्यांचे नाव या लेखात येणारही आहे. पण गणेशोत्सवाच्या निमित्ताने लिहायचे तर आपल्याच एका मराठी बाईंविषयी लिहावे असे मनात आले. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या. त्यांनी कधी युनिफॉर्म घातला नाही, की कधी नाइट ड्यूटी केली नाही. तरीही मराठी मुलगी नर्स म्हणून वॉर्डात उभी राहू शकली, यात त्यांचा मोठा वाटा आहे. त्या म्हणजे श्रीमती रमाबाई रानडे.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो. २०१२ साली झी मराठीवर लागलेल्या उंच माझा झोका या मालिकेमुळे आपल्या मुलाबाळांनाही छोटी रमा माहीत झाली. पण तिच्या आयुष्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग न्यायमूर्तींच्या निधनानंतरचा आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते.

हा विषय आपल्या मुनिरक्याशी कसा जोडलेला आहे, ते आधी सांगते. एम्स आणि सफदरजंग ही दोन मोठी रुग्णालये आपल्यापासून फार दूर नाहीत. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी गावाकडून फोन आलेला आहे. कोणाच्या तरी चुलत्यांना दिल्लीला आणले आहे, त्यांना हिंदी येत नाही, कोणी जरा जाऊन येईल का? मग आपण डबा घेऊन जातो आणि दुभाष्याचे काम करतो. तिथे गेल्यावर लक्षात येते, की आजार एक असला तरी आजारी माणसे एकसारखी नसतात. कोणाला भाकरीशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही. कोणी परपुरुषासमोर तोंडावरचा पदर काढत नाही. कोणाला ऐकू येत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. अशा वेगवेगळ्या गरजांच्या माणसांची शुश्रूषा अधिक चांगली कशी करता येईल, हा आज नर्सिंग संशोधनातला मोठा विषय आहे. मी एका सरकारी रुग्णालयात नोकरी केली आणि शेवटची काही वर्षे विद्यार्थिनींना शिकवले. हा विषय आला, की वर्गात मी रमाबाईंची गोष्ट सांगत असे. तीच आज आपणा सर्वांपुढे मांडते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी सातारा भागातल्या देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव आता सांगली जिल्ह्यात येते. पुढे १९१३ साली याच गावी यशवंतराव चव्हाणांचा जन्म झाला. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला या गावाविषयी जिव्हाळा वाटावा, याला हेही एक कारण आहे. रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. मुलींना शिकवायची पद्धत त्या काळी नव्हती, त्यामुळे लग्न होईपर्यंत तिला अक्षरओळख नव्हती. १८७३ साली अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरदेव महादेव गोविंद रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते, त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी वारली होती. स्वतः विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून लहान मुलीशी लग्न केले, म्हणून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. ती टीका अन्यायाची होती असे म्हणता येणार नाही. मात्र लग्नानंतर लगेच त्यांनी पत्नीला शिकवायला घेतले. आधी मराठी, मग इतिहास, भूगोल, गणित आणि पुढे इंग्रजी.

या शिक्षणाची किंमत छोट्या रमेला घरात मोजावी लागली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचे हे शिकणे अजिबात पसंत नव्हते. टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणे हे रोजचेच. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. मला वाटते, एकाच घरात दोन वेगळ्या जगांत वावरण्याची ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली. सुधारकांची भाषा त्यांना कळत होती आणि माजघरातली भाषाही कळत होती. माजघरातल्या बायका वाईट नसतात, त्या घाबरलेल्या असतात, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

रानड्यांची बदली नाशिकला झाल्यावर तिथल्या हायस्कुलात रमाबाई प्रथमच पाहुण्या म्हणून लोकांसमोर बोलल्या. ते भाषण त्यांना रानड्यांनी लिहून दिले होते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची सुरुवात झाली. त्यात रमाबाई रानडे उत्साहाने सामील झाल्या. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले, तेच आपले हुजूरपागा. त्या शाळेसाठी झटणाऱ्यांत रानडे पतिपत्नी होते. १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेले. तिथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लबाच्या द्वारे बायकांसाठी भाषा, सामान्य ज्ञान, शिवणकाम असे वर्ग चालवले.

आता त्या काळच्या आजारी बायकांची स्थिती काय होती, हे पाहिल्याशिवाय पुढची गोष्ट नीट समजणार नाही. घरंदाज बाई परक्या पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसे. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत, अडाणी सुइणीच्या हातून होई. रुग्णालय म्हणजे ज्याला कोणी नाही त्याने मरायला जाण्याची जागा, असा समज होता. तिथे परिचारिका असत, त्या बहुतेक युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती. त्यांचे काम चांगले असले तरी माजघरातून आलेल्या बाईला त्यांची भाषा कळत नसे, आणि त्यांच्या हातचे पाणी चालत नसे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने पुण्यात वारल्या. १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, १८८६ साली मुंबईत बायकांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. इमारती उभ्या राहत होत्या. पण बाईने त्या इमारतीची पायरी चढावी कशी, हा प्रश्न तसाच होता.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा या प्रश्नाचे भयंकर रूप दिसले. रोग्यांना शोधून वेगळे ठेवण्याचा हेतू वैद्यकीय दृष्टीने चुकीचा नव्हता. पण त्यासाठी गोरे सोल्जर घरात, देवघरात शिरले, बायकांची तपासणी झाली, घरातले सामान जाळले गेले. परिणाम असा झाला, की लोक रोगापेक्षा रुग्णालयालाच जास्त भिऊ लागले आणि आजारी माणसाला लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास आपण जाणतोच. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली आणि सेवा करताना रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग तोच आणि गावही तेच, पण एका ठिकाणी माणसे लपत होती, आणि दुसऱ्या ठिकाणी आपल्या माणसाच्या हातात विश्वासाने जात होती. नर्सिंगच्या विद्यार्थिनीला यापेक्षा मोठा धडा कोणत्या पुस्तकात मिळणार?

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई तेव्हा ३९ वर्षांच्याही नव्हत्या. त्या पुण्याला फुले मंडईजवळच्या जुन्या वाड्यात परतल्या आणि वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. विधवेने कोपऱ्यात बसावे अशीच समाजाची अपेक्षा होती. पण वर्षानंतर त्या बाहेर पडल्या आणि ज्या ठिकाणी प्रतिष्ठित घरातली बाई जात नसे अशा ठिकाणी जाऊ लागल्या. तुरुंगातल्या स्त्रियांच्या विभागात त्या नियमाने जात, त्यांच्याशी बोलत बसत. सुधारगृहातल्या मुलांना सणावाराला खाऊ नेत. आणि रुग्णालयात जाऊन रोग्यांना फळे, फुले, पुस्तके देत.

फळे वाटायला जाणे ही आपल्याला साधी गोष्ट वाटेल. मंडळाच्या वतीने आपणही गेलेलो आहोत. पण जो नियमाने जातो त्याला हळूहळू दिसायला लागते. कोणाला फळापेक्षा बोलायला माणूस हवा आहे, कोणाला घरी पत्र लिहून हवे आहे, कोणी वेदनेने कण्हते आहे पण सिस्टरला हाक मारायला भिते आहे. खाट तीच, औषध तेच, पण प्रत्येकाची नड वेगळी. ही नड पाहायला शिकणे म्हणजेच शुश्रूषेची सुरुवात. रमाबाईंच्या पुढच्या कामाकडे पाहता, त्या भेटी नुसत्या दानधर्माच्या नव्हत्या असे मला वाटते. त्या तिथे शिकत होत्या.

याच सुमारास मुंबईत एक कल्पना आकार घेत होती. पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि सिंधी गृहस्थ दयाराम गिदुमल या दोघांना वाटत होते, की स्त्रियांसाठी एक आश्रयस्थान काढावे आणि हिंदी स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण द्यावे. या मित्रांचे एक वेगळे नाते इथे सांगायला हवे. दयारामांनी मलबारींचे चरित्र इंग्रजीत लिहिले होते आणि १८९२ साली लंडनहून निघालेल्या त्याच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली होती साक्षात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. नाइटिंगेल बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. पण १८५९ साली नेमलेल्या लष्करी आरोग्याच्या कमिशनसाठी त्यांनी इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली होती. पुढे रानड्यांच्या पुणे सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. म्हणजे लंडनमधल्या त्या दिव्याचा उजेड थोडा का होईना, आपल्या पुण्या-मुंबईपर्यंत पोहोचला होता.

मलबारी आणि दयाराम मार्गदर्शनासाठी रमाबाईंकडे आले आणि १९०८ साली मुंबईत सेवासदन सुरू झाले. योगायोग असा, की त्याच १९०८ साली आपल्या देशातल्या परिचारिकांची ट्रेंड नर्सेस असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय आज आपल्या शेजारी ग्रीन पार्कात आहे. येता-जाता ती पाटी दिसली, तर हे साल अवश्य आठवावे.

१९०९ साली रमाबाईंनी पुण्यात सेवासदन सुरू केले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. कामाची सुरुवात रानड्यांच्या वाड्यातच झाली. १९१५ साली पुण्याची संस्था स्वतंत्रपणे नोंदवली गेली. तिथे बायकांना लिहायला-वाचायला शिकवत, शिवण शिकवत, शिक्षिका तयार करत. तीन वसतिगृहे निघाली. त्यांतले एक वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी आणि एक शिकाऊ परिचारिकांसाठी होते. पुढे सोलापूरला, नागपूरलाही सेवासदने उभी राहिली.

परिचारिकांच्या वर्गाला मुली मिळणे सर्वांत कठीण गेले. ज्याच्या त्याच्या जातीच्या, परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचे! कोण आईबाप मुलीला पाठवणार? शेवटी काही थोड्या तरुण विधवा पुढे आल्या. त्यांना घरी मान नव्हता, हातात पैसा नव्हता, आणि आयुष्य सगळे पुढे पडलेले होते. लोकांनी त्यांची थट्टा केली. अलवण नेसून कोपऱ्यात बसायच्या त्या बायका युनिफॉर्म घालून ससूनमध्ये जातात, हा लोकांना चेष्टेचा विषय झाला.

एका वार्षिक संमेलनातला प्रसंग प्रसिद्ध आहे. सेवासदनातल्या निरनिराळ्या वर्गांचे काम त्या दिवशी रंगमंचावर दाखवले जात होते. परिचारिकेच्या वेषात एक तरुण विधवा मंचावर आली, आणि प्रेक्षकांतून हुर्यो झाली. मोठमोठ्याने शेरे मारले गेले. त्यांत शिकलेले तरुण होते, विद्यार्थी होते. रमाबाईंना ते फार लागले. समारोपाला त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचा गळा भरून आला होता. ज्या शिकलेल्या माणसांनी या मुलींचे दुःख समजून घ्यायचे, त्यांनीच त्यांची टवाळी करावी, याची खंत त्यांनी त्या सभेत बोलून दाखवली. एरवी शांतपणाबद्दल ज्यांची ख्याती होती, त्या बाई त्या दिवशी भर सभेत हेलावल्या, आणि सभाही गप्प झाली.

हा प्रसंग मी वर्गात सांगे तेव्हा मुली अगदी स्तब्ध होत. कारण तो फार जुना वाटत नाही. लग्नाच्या बोलण्यांत मुलगी नर्स आहे म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांच्यापैकी अनेकींनी पाहिलेले असते.

रमाबाईंच्या या कामाचा रुग्णांना काय उपयोग झाला? माझ्या समजुतीप्रमाणे फार मोठा झाला. पुण्याच्या पेठेतली एखादी बाई आजारी होऊन रुग्णालयात आली, आणि तिला दिसले, की आपल्यासारखीच साधी मराठी बोलणारी, सोवळे-ओवळे, उपासतापास जाणणारी एक बाई खाटेजवळ उभी आहे. तिला काय दुखते ते सांगता येते. न सांगताही काही गोष्टी तिला समजतात. पाळीची, बाळंतपणाची, अंगावरून जाण्याची गोष्ट जी बाई नवऱ्यालाही सांगत नाही, ती हिच्याजवळ बोलते. म्हणजे रमाबाईंनी रुग्णाला रुग्णालयाप्रमाणे वागायला लावण्याऐवजी रुग्णालयातच रुग्णाचे एक माणूस नेऊन ठेवले. शिवाय ज्या विधवेला घरात कोणी विचारत नव्हते, तिला पगार मिळाला आणि नाव मिळाले. जिची स्वतःची नड कोणी ओळखली नव्हती, तीच आता दुसऱ्याची नड ओळखू लागली.

आता थोडे नर्सिंग संशोधनाविषयी, कारण संशोधन म्हटले की आपल्याला प्रयोगशाळा आणि काचेच्या नळ्या आठवतात. आमचे संशोधन वॉर्डात चालते. आधी एक प्रश्न धरायचा. उदाहरणार्थ, म्हातारे रुग्ण रात्री खाटेवरून का पडतात? मग मोजायचे, टिपायचे, रुग्णाला विचारायचे. मग कामाच्या पद्धतीत एखादा बदल करायचा आणि पुन्हा मोजायचे. याचा पाया नाइटिंगेल यांनी घातला. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. परत आल्यावर त्यांनी आकडे मांडून, आकृत्या काढून १८५८ साली दाखवून दिले, की लढाईतल्या जखमांपेक्षा घाणीतून होणाऱ्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले.

पण आकड्यांत न मावणारेही काही असते. अमेरिकेतल्या मॅडेलिन लायनिंगर या परिचारिकेला १९५० च्या दशकात मानसिक त्रास असलेल्या मुलांमध्ये काम करताना आढळले, की निरनिराळ्या समाजांतून आलेल्या मुलांना एकच पद्धत लागू पडत नाही. एकाला जवळ घेतलेले आवडते, दुसरा अंग चोरतो. मग त्यांनी मानववंशशास्त्राचा अभ्यास केला, न्यू गिनीच्या डोंगराळ भागात जाऊन राहिल्या, आणि रुग्णाची संस्कृती जाणून शुश्रूषा कशी करावी याचे एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ते आज जगभर शिकवतात. आपल्या दिल्लीत १९४६ साली कॉलेज ऑफ नर्सिंग निघाले, त्यालाच आता राजकुमारी अमृत कौर यांचे नाव आहे. १९५९ साली तिथे नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. असे संशोधन करणाऱ्या मुली आपल्याकडे तेव्हापासून तयार होऊ लागल्या. लायनिंगर बाईंनी जे सूत्र शास्त्रात मांडले, त्याच्या कितीतरी आधी आपल्या रमाबाईंनी ते पुण्यात कृतीत आणले होते. त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला नाही, त्यांनी वसतिगृह काढले.

दिल्लीतल्या वॉर्डात या सूत्राचा प्रत्यय मला रोज येई. साधी दुखण्याची गोष्ट घ्या. आपल्या मराठीत पोटात कळ येते, गळू ठणकते, पाठीत चमक भरते, डोळे चुरचुरतात, पायाला मुंग्या येतात. हिंदीत विचारताना मात्र आपण सगळ्याला दर्द म्हणून मोकळे होतो. कळ आणि ठणका यांत डॉक्टरच्या दृष्टीने केवढा फरक आहे! मराठवाड्यातली एखादी आजी परसाकडे झाली नाही म्हणून दोन दिवस सांगत राहते, मळमळते म्हणते, आणि ऐकणाऱ्या मुलीला त्यातला एक शब्द कळत नाही. हीच गत बिहारहून, हरियाणातून, मणिपूरहून आलेल्या रुग्णांची. त्यांचे शब्द मला शिकावे लागले. मी एक वही ठेवली होती. नवा शब्द ऐकला, की त्यात लिहायचा आणि समोर त्याचा अर्थ. माझ्या विद्यार्थिनींनाही मी तशी वही करायला लावी.

तसेच उपासाचे. मधुमेह असलेल्या बाईला एकादशी धरू नका असे नुसते सांगून उपयोग नसतो. ती हो म्हणते आणि गुपचूप उपास करते, आणि मग साखर उतरून घाम फुटतो. त्याऐवजी उपास धरणार आहात का, असे आदल्या दिवशीच सहज विचारले, तर ती खरे सांगते आणि डॉक्टरांना औषध व आहार त्याप्रमाणे ठरवता येतो. रमजानच्या महिन्यातही तेच. अंध रुग्णाला औषधाची पुडी कोणत्या खुणेने ओळखता येईल, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांच्या कोणत्या बाजूला उभे राहून बोलावे, मतिमंद मुलाच्या आईला वॉर्डात किती वेळ थांबू द्यावे, असे शेकडो प्रश्न असतात. त्यांची उत्तरे आधी त्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना विचारावी लागतात. हे विचारायला फार वेळ लागतो असेही नाही. विचारायचे मनात यावे लागते.

रमाबाई शेवटपर्यंत काम करत राहिल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या भारत महिला परिषदेत त्या अग्रभागी होत्या. १९१० साली त्यांचे आमच्या आयुष्यातील काही आठवणी हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याला नामदार गोखले यांची प्रस्तावना आहे. मराठी घरात एकदा तरी वाचले जावे असे ते पुस्तक आहे. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा त्या मदतीसाठी तिकडे गेल्या. १९२१-२२ साली मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत त्या होत्या. मुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणूनही त्या झटल्या. आणि अगदी अखेरच्या वर्षांतही आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन त्या आळंदीला जात. तिथे येणाऱ्या बायकांना मदत करीत. वारीत आजारी पडलेल्या, चुकलेल्या, गर्दीत घाबरलेल्या बायकांची नड पुन्हा निराळी. तिथेही त्यांनी ती ओळखली.

१९२४ साली रमाबाई गेल्या. अकराव्या वर्षी अक्षर न ओळखणारी मुलगी, आणि बासष्टाव्या वर्षी मागे ठेवलेल्या संस्थेत शिक्षिका, परिचारिका, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुली. १९६२ साली जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले.

मंडळी, अशा थोर बाईचे चरित्र वाचून आपण नमस्कार करतो आणि पान उलटतो. तसे होऊ नये म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट म्हणजे, आपल्या मंडळात हिंदी आणि मराठी दोन्ही उत्तम येणारी बरीच माणसे आहेत, त्यांत निवृत्तही पुष्कळ आहेत. रुग्णालयात येणाऱ्या मराठी रुग्णासाठी आठवड्यातला एखादा तास देऊ शकतील अशांची एक यादी करावी. नुसता डबा पोहोचवून भागत नाही. रुग्णाचे म्हणणे सिस्टरपर्यंत आणि सिस्टरचे रुग्णापर्यंत पोहोचवायचे. डिस्चार्जच्या वेळी कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर, हे मराठीत लिहून द्यायचे. एवढ्यानेही पुष्कळ साधेल.

दुसरी गोष्ट सांगताना मला थोडा संकोच वाटतो, पण सांगते. लातूर, नांदेड, अमरावती, सांगली अशा ठिकाणांहून नर्सिंग शिकलेल्या आपल्या मुली आता दिल्लीत नोकरीला येतात. रुग्णालये जवळ म्हणून मुनिरक्यात खोली शोधतात. रात्री उशिरा येणार, पहाटे बाहेर पडणार म्हटल्यावर कितीतरी घरमालक त्यांना नाही म्हणतात. त्या मुलींकडे जिन्यातून वर-खाली जाताना लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर पुण्याच्या त्या संमेलनातल्या नजरेपेक्षा फार वेगळी नाही. तेव्हा आपल्यापैकी कोणाची खोली रिकामी असेल, तर ती अशा मुलीला द्या. आरतीला तिला हाक मारा. नाइट करून आलेली असेल तर सकाळी ढोलाचा आवाज जरा बेताने ठेवा. दिवसभर, रात्रभर दुसऱ्याची नड ओळखणाऱ्या त्या मुलीलाही स्वतःची एक नड असते. परक्या गावात आपल्याला कोणीतरी घरातले समजावे, एवढीच ती असते.

रमाबाईंनी त्या तरुण विधवांसाठी आधी वसतिगृह काढले, हे मी मुद्दाम पुन्हा सांगते. शिक्षण, युनिफॉर्म आणि पगार यांच्या जोडीला मानाने राहायची जागा लागते, हे त्यांना ठाऊक होते. आपल्याला ते आजही करता येण्यासारखे आहे. विघ्नहर्ता गणराय तशी बुद्धी आपणा सर्वांना देवो.

गणपती बाप्पा मोरया!